कल्पना भरपूर आहेत, ट्रायल होत नाहीत: एका पंप कंपनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत शेतीपंपांची कंपनी, वडिलांनी उभी केलेली, दीडेकशे माणसं, स्वतःची छोटी फाउंड्री. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही सूचनापेटी लावलीत, कन्सल्टंट बोलावून वर्कशॉप घेतलंत, इंजिनिअरिंग कॉलेजबरोबर हॅकेथॉन केलीत, ‘इनोव्हेशन सेल’ म्हणून एक खोलीही काढलीत. खोलीच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या वाढल्या. कॅटलॉगमध्ये मात्र आलं ते जुनंच मॉडेल, रंग बदलून. वडील म्हणतात, ‘विकतंय ते बनवा.’ तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: लोकांकडून नव्या कल्पना कशा काढायच्या, मोठ्या कंपन्या देतात तसा कामाच्या वेळात मोकळा वेळ द्यावा का, आणि बाहेरून इनोव्हेशन मॅनेजर आणावा का.

मी पंप-मोटारींच्या प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्येच वाढलो, त्यामुळे उत्तर त्याच भाषेत देतो. तुमचा पहिला प्रश्नच मला पटत नाही. तुमच्याकडे कल्पनांची टंचाई नाही, कुठल्याच कारखान्यात ती नसते. टंचाई असते ती ट्रायलची. एखादी गोष्ट नुसती करून बघायची तर तुमच्याकडे किती पैसे, किती सह्या आणि किती दिवस लागतात, एवढं आधी कागदावर काढा.

समजा, डिझाइनमधल्या पोराला वाटलं की पाच एचपीच्या ओपनवेल पंपात इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, पात्यांचा बाहेरचा कोन थोडा बदलला तर तेवढ्याच करंटमध्ये पाणी जास्त मिळेल. करून बघायचं तर ड्रॉइंग काढायचं, त्यावर डिझाइन हेडची सही. ओतकामाच्या साच्यासाठी लागणारा नमुना, म्हणजे पॅटर्न, बाहेरून करून घ्यायचा म्हणून परचेसकडे इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद. परचेस तीन कोटेशनं मागवणार, कारण ऑडिटला लागतात. पॅटर्न आला की फाउंड्री. तिथला सुपरवायझर टनावर मोजला जातो; पाच पीस ओतायला तो चालू लाइन थांबवणार नाही, आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही थांबवली नसती. मशिनशॉपचं तेच. वीस तारखेनंतर तर कुणाला विचारायची सोयच नाही, सगळे डिस्पॅचच्या मागे. टेस्ट बेंच रिकामा मिळेपर्यंत दोन-अडीच महिने गेलेले असतात आणि पोराचा उत्साहही.

एका ट्रायलला एवढा खटाटोप लागत असेल, तर माणसं शहाणी असतात, ती फक्त ‘नक्की चालेल’ अशाच गोष्टी सुचवतात. नक्की चालेल म्हणजे काय, तर शेजारच्या कंपनीने आधीच बाजारात आणलेलं. तुमच्या कॅटलॉगमध्ये रंगच का बदलतो याचं कारण हे आहे. हॅकेथॉनने ते बदलणार नाही. उलट हॅकेथॉनमध्ये आलेल्या पंचवीस कल्पना याच रांगेत येऊन उभ्या राहतात आणि रांग आणखी लांबते.

म्हणून पैसे घालायचेच तर ट्रायल स्वस्त करण्यावर घाला. फाउंड्रीत आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी, एका हीटमधलं, म्हणजे एका वेळी वितळवलेलं, थोडं मेटल ट्रायलसाठी राखून ठेवा. दिवस ठरलेलाच हवा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटलं की तो कधीच मिळत नाही. ट्रायल कास्टिंगचं वजन सुपरवायझरच्या टनेजमध्ये दुप्पट धरा, मग बघा, तो स्वतःहून विचारायला येईल की या आठवड्यात काही आहे का. मशिनशॉपमध्येही आठवड्यातले तीन-चार तास एक लेथ डेव्हलपमेंटच्या नावावर लावा आणि महिनाअखेरीलाही तो काढून घेऊ नका. पहिल्या महिनाअखेरीला प्रॉडक्शनवाले तो मागतील. त्या दिवशी तुम्ही काय उत्तर देता यावरून अख्खा कारखाना ठरवेल की हे खरं आहे की वर्कशॉपसारखंच.

खर्चाचं असंच. एका ठरावीक रकमेपर्यंत, समजा २५,००० रुपयांपर्यंत, ट्रायलला कुणाचीही सही नको. सहीच्या जागी एक वही ठेवा. त्यात तीनच गोष्टी: काय करून बघतोय, आधी काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय निघालं. दुसरा रकाना ट्रायलच्या आधी भरायचा, नंतर नाही. नंतर भरला की प्रत्येकाला ‘असंच वाटलं होतं’.

आणि पॅटर्नच्या आधीची एक पायरी हल्ली फुकटासारखी झाली आहे, ती तुमच्याकडे कुणी वापरत नाही याचं मला नवल वाटतं. इम्पेलर थ्रीडी प्रिंटिंगवर नायलॉनमध्ये काढता येतो. तो विहिरीत टिकणार नाही, पण टेस्ट बेंचवर हेड (पाणी किती उंच चढतं), डिस्चार्ज (किती पाणी येतं) आणि करंटचा कर्व्ह काढण्याएवढा नक्की टिकतो. पात्यांचे तीन वेगवेगळे कोन एकाच आठवड्यात बेंचवर लावून बघता येतात, एकाही पॅटर्नशिवाय. एक पथ्य पाळा: प्रिंटचे आकडे प्रिंटशीच ताडून बघा. बिडाच्या कास्टिंगचा आतला पृष्ठभाग खरबरीत असतो, तो पाणी अडवतो, त्यामुळे कास्टिंगचा कर्व्ह वेगळा येणारच. हे माहीत नसलेला माणूस प्रिंटवरचा सुंदर कर्व्ह मालकांना दाखवून बसतो आणि कास्टिंग आलं की तोंडघशी पडतो.

आता कल्पना कुठून येतात त्याबद्दल. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांपेक्षा तालुक्याच्या गावी मोटर-वाइंडिंगच्या दुकानात अर्धा दिवस बसा. स्टूल घेऊन बसा, चहा घ्या, मोबाइल खिशात ठेवा. जळालेले स्टेटर, म्हणजे मोटारीचे कॉइल गुंडाळलेले न फिरणारे भाग, ओळीने मांडलेले असतात. वाइंडर नुसता एक नजर टाकतो आणि सांगतो मोटर कशाने गेली. स्टार जोडणीच्या मोटारीत लाइनचा एक फेज गेला असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर पडलेल्या असतात आणि तिसऱ्याच्या जशाच्या तशा तांबूस. कॉइलची जोडणी दुसऱ्या पद्धतीची, म्हणजे डेल्टा असेल तर उलट, एकच फेज जळतो आणि दोन वाचतात. सगळा गोल सारखा काळा असेल तर ओव्हरलोड, किंवा बेअरिंग धरलेलं, किंवा व्होल्टेज झोपलेलं असताना तासन्तास ओढलेली मोटर. तुमच्या वॉरंटी फॉर्मवर हे सगळं ‘वाइंडिंग बर्न’ या एकाच खान्यात जातं आणि पुढे ‘ग्राहकाची चूक’ अशी टिक होते. म्हणजे ज्या माहितीवर नवं प्रॉडक्ट उभं राहू शकतं, ती तुमचीच माणसं रोज एका टिकमध्ये पुरून टाकतात.

वाइंडर आणखीही सांगेल. थ्री-फेज नसताना कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटर ओढणारे कोण, वाळूच्या बोअरमध्ये कुणाच्या कंपनीचा इम्पेलर किती दिवस टिकतो, कोणत्या मोटारीची केबल-ग्लँड उघडताना नेहमी तुटते. ऑटो-स्विचचंच घ्या. रात्री कधीही लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी ऑटो-स्विच बसवतो. प्रत्येकाने बसवला की एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात, सुरू होतानाचा करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो, व्होल्टेज कोसळतं आणि डीपीही जाते. प्रत्येक स्टार्टर थोडा वेगवेगळ्या वेळाने उठला तर? यात नवीन शोध लावायचा काही नाही, पण तुमच्या डिझाइन विभागात हा विषय निघतो का? बहुधा नाही, कारण स्टार्टर ‘आपलं प्रॉडक्ट’ नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोबाइलवरून पंप चालू-बंद करायची ‘नॅनो गणेश’ नावाची यंत्रणा पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी काढली. २००९ मध्ये तिला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीसही मिळालं. रात्री-अपरात्री अंधारात, विंचू-सापाच्या वाटेने विहिरीवर जाऊन बटण दाबायचं, हा शेतकऱ्याचा खरा जाच होता. देशात पंप बनवणाऱ्या कंपन्या थोड्या नव्हत्या, आणि या जाचाची माहिती नसलेला पंपवाला महाराष्ट्रात तरी सापडणार नाही. पण पंप कंपनी पंपाची एफिशिअन्सी बघते. बांधापर्यंतची पायपीट तिच्या बॉममध्ये, म्हणजे पंपाला लागणाऱ्या भागांच्या यादीत, नसते. तुमच्याही कंपनीत ‘हे आपलं काम नाही’ म्हणून ज्या तक्रारी परत पाठवल्या जातात, त्यांची एक वेगळी फाइल करायला सर्व्हिसवाल्यांना सांगा. मी नव्या कंपनीत गेलो की पहिली मागतो ती हीच फाइल. ती नसतेच, मग ती करायला लावतो.

तुमच्या भागातलंच एक उदाहरण घेऊन दाखवतो, म्हणजे स्वस्त ट्रायल म्हणजे काय ते नेमकं कळेल. पंचगंगा, वारणा, कृष्णा यांच्या काठावर उपशाच्या मोटारी किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी चढायला लागलं की प्रत्येकजण आपली मोटर वर ओढायला धावतो. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही बघितलेला आहे. ओढायची म्हणजे काय, तर फ्लँजचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कड्यांचे, बोल्ट गंजून धरलेले, पाना घसरतो, वर पाऊस, खाली चिखल, चार माणसं आणि एक दोर. वेळ नसला की पाइप कापतात, केबल तोडतात. वर्षानुवर्षं हे चालू आहे आणि पंपाच्या कॅटलॉगमध्ये यावर एक ओळ नाही.

नेहमीची पद्धत काय? इनोव्हेशन सेलमध्ये ‘पूर-प्रतिबंधक स्मार्ट पंप’ असं नाव द्यायचं, त्यात सेन्सर घालायचा, ॲप घालायचं, सहा महिन्यांनी प्रेझेंटेशन द्यायचं. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या आठवड्यात काहीच डिझाइन केलं नसतं. टँकरच्या पाइपला असते तशी, हाताने खटके ओढून सुटणारी कॅमलॉक कपलिंग बाजारातून विकत आणली असती आणि ओळखीच्या चार-पाच शेतकऱ्यांच्या पाइपला फ्लँजच्या जागी बसवून दिली असती. बघायचं फक्त एवढंच होतं: एकटा माणूस, ओल्या हातांनी, अंधारात ती सोडवू शकतो का? आणि लाइट अचानक गेल्यावर चढावरच्या पाइपातलं पाणी मागे येऊन जो दणका देतं, तो दणका ही कपलिंग सहन करते का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं काही करायलाच नको. दुसऱ्याचं ‘नाही’ आलं तर तुमच्या फाउंड्रीला खरं काम मिळालं: दणका सोसणारी, पण हाताने सुटणारी कपलिंग. सेन्सर आणि ॲप हे सगळं यानंतर, लागलंच तर.

या ट्रायलचा खर्च एका वर्कशॉपच्या जेवणावळीएवढाही नाही. शिवाय ज्या इंजिनिअरने स्वतः चिखलात उभं राहून बोल्ट सोडवायचा प्रयत्न केलाय, त्याच्या पुढच्या ड्रॉइंगमध्ये बोल्टचं डोकं कुठल्या बाजूला असतं ते बघा. हे कुठल्याही ट्रेनिंगने येत नाही.

दुसरा प्रश्न मोकळ्या वेळाचा. तुम्ही थ्रीएम या अमेरिकन कंपनीच्या पंधरा टक्के वेळाच्या नियमाचा (कामाचा तेवढा वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवायची मुभा) दाखला दिलात आणि त्यातून पोस्ट-इट, म्हणजे चिकटणाऱ्या चिठ्ठ्या, जन्मल्या असं लिहिलंत. ते अर्धंच खरं आहे. थ्रीएमच्याच स्पेन्सर सिल्व्हरने तो हलका चिकटणारा डिंक १९६८ मध्ये काढला आणि पुढची कितीतरी वर्षं त्याचं काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं. त्याच्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायला चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळून पडतात म्हणून तो डिंक आठवला, १९७४ मध्ये. १९७७ साली चार शहरांत माल दुकानात ठेवून बघितला, तर तो चालला नाही. मग १९७८ मध्ये अमेरिकेतल्याच बॉइसी शहरात त्यांनी ऑफिसांमध्ये नमुने फुकट वाटले, लोकांनी वापरून बघितले आणि वापरलेल्यांपैकी बहुतेकांनी पुन्हा मागितले. देशभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये. म्हणजे बारा वर्षं. मोकळ्या वेळाने डिंक टिकून राहिला हे खरं, पण प्रॉडक्ट वाचलं ते बॉइसीमुळे, कारण कुणीतरी विचारलं की लोकांना हे दुकानात बघून कळत नसेल, हातात दिलं तर कळेल का. तुम्हाला थ्रीएमकडून उचलायचंच असेल तर ते उचला.

दीडशे माणसांच्या कंपनीत पंधरा टक्के वेळ देऊ नका. तुमच्याकडे डिझाइनला तीन-चार माणसं असतील. त्यांचा मोकळा वेळ दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी तातडीच्या कामात जाईल आणि ‘आम्ही वेळ दिला, यांनी काही केलं नाही’ असं त्यांच्याच नावावर लागेल. वेळ टक्क्यांत वाटण्यापेक्षा एका माणसाला एक काम पूर्ण द्या. त्याच्या नावावर ते प्रॉडक्ट: पहिल्या स्केचपासून पहिल्या वर्षीच्या वॉरंटी क्लेमपर्यंत. टोयोटात एकेका गाडीला चीफ इंजिनिअर असतो. त्याच्या हाताखाली माणसं थोडीच असतात, पण ती गाडी ‘त्याची’ असते आणि बाकीचे विभाग त्याचा शब्द मानतात. हे तुमच्या आकाराच्या कंपनीत टोयोटापेक्षा सोपं आहे, कारण सगळे विभाग एकाच कँटीनमध्ये जेवतात.

सूचनापेटीचं एका वाक्यात: प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत ‘करतो’ किंवा ‘करत नाही, कारण अमुक’ असं उत्तर देता येत नसेल तर ती काढून टाका, उत्तर न येणारी पेटी नसलेल्या पेटीपेक्षा वाईट.

ग्राहकाचं ऐकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इथे बहुतेकांची गाडी घसरते. शेतकऱ्याला विचारलं, ‘तुम्हाला काय हवं?’ तर तो म्हणेल, ‘स्वस्त द्या.’ तो खोटं बोलत नाही, पण ते अर्धंच उत्तर असतं. पुण्यातच घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. टाटा मोटर्समध्ये गिरीश वाघ यांच्या टीमने छोट्या मालवाहू गाडीवर काम सुरू केलं तेव्हा ती माणसं तीन चाकी टेम्पो चालवणाऱ्यांशी जाऊन बोलली. भार किती, रस्ता कसा, दिवसाला किती फेऱ्या, हे सगळं निघालंच. पण एकाने असंही सांगितलं की दारात चारचाकी असती तर लग्नाच्या बाजारात आपला भाव वाढला असता. ही गोष्ट त्या प्रकल्पातल्या माणसांनी नंतर बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. २००५ मध्ये टाटा एस आली, आपल्याकडे लगेच ‘छोटा हत्ती’ झाली. इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसी, म्हणजे टाटांच्याच इंडिका गाडीच्या चार सिलिंडरच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनाचं जवळपास अर्धं. नव्याने सगळं शोधलं नाही, हाताशी होतं ते अर्धं केलं. किंमत तीन चाकीपेक्षा जास्त होती, तरी दोन वर्षांच्या आत लाखावर गाड्या गेल्या. मालकाला भारही वाहता आला आणि दारात चारचाकीही उभी राहिली.

आता दुसरी. टाटांचीच नॅनो. तिच्याही इंजिनिअरिंगच्या आघाडीवर वाघच होते, जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली आणि जगभर तिचं कौतुक झालं. तंत्रज्ञान कमी नव्हतं. बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातेतल्या साणंदला कारखाना हलवावा लागला, उशीर झाला, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, हे सगळं खरं. पण ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ हा शिक्का तिला जास्त महाग पडला, असं रतन टाटांनी स्वतः नंतर जाहीरपणे म्हटलं. स्कूटरवरून गाडीत येणाऱ्या माणसाला गाडी हवी होती ती वर चढल्याची खूण म्हणून. त्याच्या अंगावर ‘स्वस्त’ असं लिहून चालणार नव्हतं.

गोदरेजच्या छोटूकूलचं थोडं असंच झालं. कॉम्प्रेसर नसलेला, चिपवर थंड होणारा, वरून उघडणारा, इन्व्हर्टर-बॅटरीवरही चालणारा छोटा फ्रिज. २००८ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये गावातल्या बायकांना एकत्र बोलावून, त्यांच्याशी बोलून तो घडवला होता. पद्धत अगदी पुस्तकात द्यावी अशी. तरीही तो ज्या घरांसाठी केला होता त्या घरांत अपेक्षेएवढा रुजला नाही. पुढे छोटे दुकानदार आणि गाडीत घालून न्यायला थंड पेटी हवी असणारे शहरी लोक, असं त्याचं गिऱ्हाईक सरकत गेलं. माझं मत विचाराल तर, थोडे पैसे साठवले की कुटुंबाला ‘खरा’ फ्रिजच हवा असतो. बायकांना रंग, आकार, झाकण विचारलं असेल. पण शेजारणीला हा दाखवताना काय वाटेल, हे तोंडावर कोण सांगणार?

पंपाच्या धंद्यात मानपान कुठे आला, असं म्हणू नका. ट्रॅक्टरवर नवी मोटर गावातून मिरवत आणली जाते. त्यामुळे स्वस्त मॉडेल काढायचं ठरलंच तर ते ‘गरिबांचं’ दिसणार नाही याची काळजी घ्या. नावात, रंगात, डीलर ते दुकानात कुठे ठेवतो त्यात. डीलरने ते मागच्या बाजूला ठेवलं की संपलं.

यानंतर सगळ्यात नकोसं काम. तुमच्या पत्रात चालू प्रकल्पांची यादी आहे, बारा नावं. तीन माणसं, बारा प्रकल्प. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: हातात असलेली कामं भागिले महिन्याला पुरी होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. तुमची टीम दोन महिन्यांत एक काम संपवते असं धरलं तर बारा कामांच्या यादीत शिरलेलं नवं काम बाहेर यायला चोवीस महिने. यादी चारवर आणा, तीच माणसं, तोच वेग, आठ महिने. एकही माणूस न वाढवता.

आठ प्रकल्प बंद करायचे कसे? प्रत्येकावर कुणाचा तरी जीव आहे, एखाद्यावर वडिलांचाही असेल. मी करतो ते असं: प्रकल्प सुरू करतानाच लिहून ठेवायचं की अमुक तारखेपर्यंत अमुक दिसलं नाही तर बंद. उदाहरणार्थ, ‘मार्चअखेर पाच शेतकऱ्यांच्या शेतावर चाललेला नसेल तर बंद’. मग बंद करताना कुणाच्या हुशारीचा प्रश्न उरत नाही. आणि ज्याने स्वतःचा प्रकल्प वेळेत बंद केला त्याला त्या वर्षी इन्क्रिमेंट चांगलं द्या, सगळ्यांना कळेल असं द्या. नाहीतर पुढच्या वर्षी कुणीही आपला मेलेला प्रकल्प मेलाय असं कबूल करणार नाही.

वडिलांबद्दल. ‘विकतंय ते बनवा’ हे त्यांनी पगाराच्या तारखा सांभाळून शिकलेलं आहे, त्याला हसू नका. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या किर्लोस्करवाडीचा इतिहास त्यांनाही माहीत असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा विकत होता तो लाकडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत होते, आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. पण ती गोष्ट वडिलांना ऐकवू नका, कारण ते विचारतील की ती दोन वर्षं घर कशावर चाललं, आणि प्रश्न बरोबर आहे. त्याऐवजी त्यांना दोनच ठिकाणी अडवायचा अधिकार द्या: डाय आणि टूलिंगचे, म्हणजे कायमच्या साचे-हत्यारांचे, मोठे पैसे टाकण्याआधी, आणि डीलरला माल पाठवण्याआधी. त्याआधीच्या ट्रायलला त्यांची सही नको. या दोन जागी मात्र त्यांचं ‘नाही’ म्हणजे नाही. बहुतेक ज्येष्ठ मालकांचा विरोध नव्याला नसतो, न विचारता पैसे गेल्याला असतो. आणि फील्ड ट्रायलचे पंप बघायला त्यांनाच न्या. गाडीत, वाटेवर, ते तुम्हाला पाच डीलरांच्या अशा गोष्टी सांगतील ज्या कुठल्याही मार्केट सर्व्हेत येणार नाहीत.

जाता जाता पेटंटचं. काही नवं निघालंच तर मोशीच्या किसान प्रदर्शनात मांडायच्या आधी अर्ज टाका, नंतर नाही. एकदा लोकांसमोर उघड दाखवलं की ‘नवीन’ या शब्दावरच वाद होऊ शकतो. लघुउद्योगांना फीमध्ये चांगली सवलत आहे. पण पेटंटची संख्या हे इनोव्हेशनचं माप धरू नका. न विकल्या जाणाऱ्या पंपाचंही पेटंट निघतं.

राहिला इनोव्हेशन मॅनेजर. सध्या नको. बाहेरचा हुशार माणूस येईल, पहिले तीन महिने प्रेझेंटेशन करेल, प्रॉडक्शनवाले त्याला हसतील आणि तो वर्षभरात जाईल. तेवढ्या पगारात तुमच्या सर्व्हिसमधला सगळ्यात चांगला माणूस उचलून डिझाइनमध्ये बसवा. असा एक तुमच्याकडे नक्की आहे: ज्याला डीलर रात्री नऊ वाजता थेट फोन करतात, ज्याचं इंग्रजी कच्चं आहे आणि म्हणून मीटिंगमध्ये जो बोलत नाही. त्याला एक प्रॉडक्ट द्या, त्याच्या जोडीला कॅड येणारा एक पोरगा द्या, फाउंड्रीचा तो आठवड्याचा ठरलेला स्लॉट द्या. सर्व्हिस मॅनेजर ओरडेल की माझा माणूस गेला. ओरडू द्या.

सुरुवात कधी करायची, तर कॅलेंडर उलटं मोजा. पंपाची खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये होते, पाणी खाली गेलेलं असतं, व्होल्टेज झोपलेलं असतं, ऊस पाणी मागत असतो. पावसाळ्यात फील्ड ट्रायल लावून ‘एकही तक्रार नाही’ असा रिपोर्ट देणारे मी पाहिलेत. तक्रार येणार कशी, मोटारच बंद होती. म्हणजे ट्रायलचे पंप जानेवारीच्या मध्यापर्यंत पाण्यात जायला हवेत, कास्टिंग डिसेंबरात हातात हवं, प्रिंटवरचे कर्व्ह ऑक्टोबरात. दिवाळीत फाउंड्री बंद राहते आणि नंतरचा आठवडाही माणसं परत येण्यातच जातो, तो धरूनच तारखा लावा. पहिल्या ट्रायलला कपलिंगच घ्या असं माझं म्हणणं नाही, पण जे घ्याल ते एकच घ्या.